गाईचा मुका आणि दीडशे फेऱ्या
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारींची शर्यत म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फॉर्म्युला वन येते. मोनॅकोचे रस्ते, जमिनीला चिकटून धावणाऱ्या त्या विचित्र गाड्या, कोट्यवधींचे करार आणि शेवटी शॅम्पेनचे फवारे. आज मी ज्या शर्यतीबद्दल बोलणार आहे, तिथे शॅम्पेनला कुणी विचारत नाही. तिथे जिंकणाऱ्याने गाईचा मुका घ्यायचा असतो. खरीखुरी, दूध देणारी, गोठ्यातून आणलेली गाय. फोटोग्राफर कॅमेरे रोखून उभे, हेल्मेट काढलेला घामाघूम ड्रायव्हर वाकलेला आणि गाईला या सगळ्यात काडीचाही रस नाही, असा तो प्रसंग. या शर्यतीचं नाव मिल्क बोल. ती होते अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट राज्यात, बॅरी या गावाबाहेरच्या टेकडीवर, थंडर रोड नावाच्या ट्रॅकवर.

आधी 'स्टॉक कार' म्हणजे काय ते सांगतो, कारण या शब्दाने गोंधळ होतो. शेअरबाजाराशी त्याचा काही संबंध नाही. कारखान्यातून विकायला बाहेर पडते, दुकानात उभी असते ती 'स्टॉक' मोटार. तीच घ्यायची आणि पळवायची, अशी मूळ कल्पना. अमेरिकेच्या दक्षिण भागात दारूबंदीच्या काळात आणि नंतरही चोरटी दारू वाहणाऱ्या पोरांनी पोलिसांना चुकवण्यासाठी साध्या गाड्यांची इंजिनं वाढवली. मग कुणाची गाडी जास्त पळते, यावर पैजा लागायला लागल्या. १९४८ साली 'नॅसकार' ही संस्था स्थापन झाली आणि या उद्योगाला कागदपत्रं, नियम आणि बक्षिसांची शिस्त आली. आज या गाड्यांमध्ये कारखान्यातलं फारसं काही उरलेलं नाही. सांगाडा लोखंडी नळ्यांचा, वरचं कवच तेवढं ओळखीच्या गाडीसारखं दिसणारं. नाव मात्र तेच राहिलं.

टीव्हीवर दिसते ती नॅसकार म्हणजे या खेळाचं शिखर. पण शिखराखाली मोठा डोंगर आहे. अमेरिकेत गावोगावी लहान ट्रॅक आहेत, कुठे डांबराचे, कुठे मातीचे. तिथे दर आठवड्याला एका ठरलेल्या रात्री शर्यती होतात. ड्रायव्हर म्हणजे गॅरेजवाला, गवंडी, शेतकरी, प्लंबर. दिवसभर काम करायचं, रात्री शेडमध्ये गाडीखाली शिरायचं आणि ठरलेल्या वारी ट्रेलरवर गाडी चढवून ट्रॅकवर हजर व्हायचं. वर्षातून दोन-चार वेळा मात्र नेहमीच्या शर्यतीऐवजी 'मोठी' शर्यत होते. फेऱ्या जास्त, बक्षीस जास्त, परगावचे ड्रायव्हर आलेले. आपल्याकडे जत्रेत किरकोळ कुस्त्या दिवसभर होतात, पण गाव थांबतं ते शेवटच्या मानाच्या कुस्तीसाठी. तसंच हे.

अशा मोठ्या शर्यती अनेक ठिकाणी आहेत. मेन राज्यातल्या ऑक्सफर्डच्या ट्रॅकवर १९७४ पासून अडीचशे फेऱ्यांची शर्यत होते. तिथे २०११ मध्ये काइल बुशसारखा नॅसकारचा बडा ड्रायव्हर स्थानिक लोकांमध्ये येऊन जिंकून गेला. फ्लोरिडात पेन्साकोला इथे डिसेंबरमध्ये 'स्नोबॉल डर्बी' होते. नावात बर्फाचा गोळा आहे, गावात बर्फ क्वचितच पडतो. काही ट्रॅकवर शाळेच्या जुन्या पिवळ्या बसगाड्यांची शर्यत लावतात. ती पाहायला पोरांची झुंबड उडते, आणि का उडते ते सांगायला नको. पण माझं मन बसलं आहे ते बॅरीच्या मिल्क बोलवर. कारण त्या एका शर्यतीत त्या गावाचा दगड, त्या राज्याचं दूध आणि एका रेडिओवाल्याचं डोकं, तिन्ही एकत्र आली आहेत.

बॅरी हे ग्रॅनाइटचं गाव. शहराची वस्ती साडेआठ हजारांच्या आसपास. शेजारी माँटपेलियर, तेही तेवढंच, आणि ती राज्याची राजधानी. अमेरिकेतली सगळ्यात लहान राजधानी. सबंध व्हरमाँटची लोकसंख्याच साडेसहा लाखांच्या आत. बॅरीच्या खाणींतला करडा ग्रॅनाइट अमेरिकाभर थडग्यांसाठी आणि इमारतींसाठी जातो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडहून आणि इटलीहून पाथरवट आले, मग कॅनडातल्या क्वेबेकचे फ्रेंच बोलणारे लोक आले. हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी आली, तसं काम झपाट्याने व्हायला लागलं आणि बंद शेडमधली दगडाची बारीक धूळ कामगारांच्या छातीत जायला लागली. सिलिकोसिसने तरुण माणसं खोकून खोकून मेली. धूळ ओढून घेणारी यंत्रं १९३० च्या दशकाच्या शेवटी बसली, तोवर पाथरवटांची एक पिढी गेली होती. यातल्या कित्येकांनी आपल्या थडग्यांवरचे पुतळे आधीच कोरून ठेवले होते, असं सांगतात. गावातली होप सिमेटरी ही दफनभूमी आज लोक मुद्दाम बघायला जातात. तिथे एका थडग्यावर ग्रॅनाइटची एक रेसिंग कार आहे, क्रमांक ६१. चाकं, खिडक्या, क्रमांक, सगळं दगडात कोरलेलं.

अशा गावात १९६० साली केन स्क्वायर नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने खाणीच्या टेकडीवर पाव मैलाचा ट्रॅक बांधला. पाव मैल म्हणजे चारशे मीटर, शाळेच्या मैदानावरच्या धावपट्टीएवढा. वळणावर उतार चांगलाच दिलेला. प्रेक्षकांसाठी बाकडी आहेतच, पण बरेच लोक टेकडीच्या गवतावर सतरंज्या आणि घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. आता प्रश्न आला, शर्यत कोणत्या वारी ठेवायची? शनिवार-रविवारी इतर ट्रॅक चालू. स्क्वायरने गुरुवार निवडला. कारण सरळ होतं. ग्रॅनाइट कामगारांचा पगार गुरुवारी होत असे. खिशात ताजे पैसे आणि दुसऱ्या दिवशी कामाचा शेवटचा वार. तेव्हा बसलेली ही गुरुवारची घडी पुढे साठ वर्षांहून जास्त टिकली आहे.

हा स्क्वायर मूळचा रेडिओचा माणूस, म्हणून त्याच्याबद्दल चार शब्द जास्त बोलायला तुमची हरकत नसावी. जवळच्या वॉटरबरी गावातलं डब्ल्यूडीईव्ही हे रेडिओ केंद्र १९३१ पासून सुरू आहे. त्याचे वडील ते चालवत. पोरगा शाळकरी वयातच माइकपुढे बसला. या केंद्रावर कुणाला जुना ट्रॅक्टर विकायचा आहे, कुणाला कोंबड्या हव्या आहेत, अशा गोष्टी श्रोते फोन करून सांगत. शनिवारी सकाळी लोक गाडीत कचरा भरून गावाच्या डेपोवर टाकायला जात, तर त्या वेळी ऐकण्यासाठी खास गाण्यांचा कार्यक्रम होता. त्याचं नावच 'कचरा टाकायला जाताना ऐकायचं संगीत' अशा अर्थाचं. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाने वॉटरबरीच्या मुख्य रस्त्यावर नदी आणली. त्या रात्री हे केंद्र बंद पडलं नाही. कुठला पूल गेला, कुठला रस्ता खचला, हे श्रोते फोनवर सांगत होते आणि केंद्र ते सगळ्यांना ऐकवत होतं. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला अशी गोष्ट सांगताना थोडा अभिमान वाटतो, हे मान्य करतो.

याच स्क्वायरचा आवाज पुढे सगळ्या अमेरिकेने ऐकला. १८ फेब्रुवारी १९७९ ला डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत राष्ट्रीय वाहिनीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पहिल्यांदाच थेट दाखवली गेली. समालोचक केन स्क्वायर. ईशान्य अमेरिकेत त्या दिवशी जबर हिमवर्षाव झाला होता, लोक घरात कोंडलेले. शेवटच्या फेरीत पुढे असलेले दोघे, डॉनी ॲलिसन आणि केल यारबरो, एकमेकांवर आदळून मैदानात गेले. मागून आलेला रिचर्ड पेटी जिंकला. इकडे ॲलिसन आणि यारबरोची जुंपली, डॉनीचा भाऊ बॉबी गाडी थांबवून त्यात पडला आणि हाणामारी सगळ्या देशाने पाहिली. स्टॉक कारची खरी लोकप्रियता त्या दुपारपासून, असं जाणकार मानतात. एवढं नाव मिळवल्यावर माणूस न्यूयॉर्कला किंवा दक्षिणेत जाऊन राहिला असता. स्क्वायर व्हरमाँटला परत येत राहिला, आणि गुरुवारी थंडर रोडवर माइक हातात घेऊन गावच्या प्लंबरचं नाव त्याच थाटात पुकारत राहिला. २०१८ मध्ये नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला मानाची जागा मिळाली. १५ नोव्हेंबर २०२३ ला, वयाच्या ८८ व्या वर्षी, तो गेला.

आता शर्यतीकडे वळू. मिल्क बोल सुरू झाली १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या हंगामाच्या शेवटी रोझ बोल, ऑरेंज बोल असे मोठे सामने होतात. व्हरमाँटमध्ये ना संत्री पिकत, ना गुलाबांची मिजास. तिथे पिकतं ते दूध. एके काळी या राज्यात माणसांपेक्षा गाई जास्त होत्या. मग आमच्या शर्यतीचं नाव मिल्क बोल, असा हा स्क्वायरी मिश्कीलपणा. ती होते सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, शनिवारी पात्रता फेरी आणि रविवारी मुख्य शर्यत. मेपलची झाडं तेव्हा लाल-पिवळी झालेली असतात आणि प्रेक्षक जाड कोट घालून थर्मासमधली कॉफी पीत बसलेले असतात.

पण नावापेक्षा गंमत आहे ती नियमांत. शर्यत एका दमात होत नाही. पन्नास-पन्नास फेऱ्यांचे तीन भाग. प्रत्येक भागात तुमचा जो क्रमांक, तेवढे तुमचे गुण. पहिला आला तर एक, दहावा आला तर दहा. तिन्ही भागांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो विजेता. इथपर्यंत सोपं आहे. खरी गोम पुढे. पहिल्या भागात जो पहिला आला, तो दुसरा भाग सगळ्यात शेवटून सुरू करतो, आणि जो शेवटचा आला तो पुढून. तिसऱ्या भागाच्या आधी पुन्हा तसंच उलटं. म्हणजे यश मिळालं की शिक्षा ठरलेली!

जरा आकडे मांडून पाहू. समजा, एक जण जबरदस्त वेगवान आहे. पहिल्या भागात तो पहिला आला. दुसऱ्या भागात शेवटून निघाला, पंचवीस-तीस गाड्यांच्या गर्दीत अडकला आणि पंधरावा आला. तिसऱ्यात मधून निघून बारावा. बेरीज अठ्ठावीस. दुसरा एक जण फारसा चमकला नाही. चौथा, सहावा, पाचवा. बेरीज पंधरा. गाईचा मुका याच्या वाट्याला. एकही भाग न जिंकता मिल्क बोल जिंकता येते. वेगाला इथे मान आहे, पण गर्दीतून वाट काढण्याला, टायर जपण्याला आणि गाडी शाबूत ठेवण्याला जास्त मान आहे. एका भागात आपटून शेवटचा आलात, तर त्या तीस-एक गुणांचं ओझं उरलेल्या दोन भागांत उतरत नाही. दोन भागांच्या मधल्या वेळात मंडळी वाकलेला पत्रा हातोड्याने सरळ करतात, फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावतात आणि पुन्हा रांगेत उभी राहतात.

ट्रॅक चारशे मीटरचा आणि एक फेरी साधारण तेरा-चौदा सेकंदांची. म्हणजे सरासरी वेग ताशी शंभर किलोमीटरच्या थोडा वर. आपल्या द्रुतगती मार्गावर याहून जोरात गाड्या जातात, असं कुणी म्हणेल. जातात. पण चार वळणं, शेजारी हातभर अंतरावर दुसरी गाडी आणि पुढचा मागे सरायला तयार नाही, अशा अवस्थेत तेरा सेकंदांना एक चक्कर, आणि अशा दीडशे चकरा. हाताला श्वास घ्यायला सरळ रस्ता मिळतच नाही. मला स्वतःला लांबलचक ट्रॅकवरच्या, तासन् तास चालणाऱ्या शर्यतींपेक्षा हा प्रकार जास्त पटतो. सगळा ट्रॅक एका नजरेत दिसतो. कुणी कुणाला ढकललं, हे गवतावर बसलेल्या आजीलाही दिसतं आणि ती ते बोलून दाखवते.

मिल्क बोलखेरीज तिथे मे महिन्यात मेमोरियल डेची शर्यत असते, सप्टेंबरच्या सुरुवातीला कामगार दिनाची, आणि उन्हाळ्यात गव्हर्नर्स कप. या शेवटच्या नावात एक मजा आहे. व्हरमाँटचे फिल स्कॉट हे जानेवारी २०१७ मध्ये गव्हर्नर झाले, म्हणजे आपल्या हिशेबाने मुख्यमंत्रीच म्हणायचे. हे गृहस्थ मूळचे बॅरीचे, बांधकाम व्यवसायातले, आणि थंडर रोडवरचे जुने ड्रायव्हर. अजिंक्यपद मिळवलेले आणि मिल्क बोलही जिंकलेले. गव्हर्नर झाल्यावरही ते १४ क्रमांकाची गाडी घेऊन गुरुवारी यायचे थांबले नाहीत. जुलै २०१७ मध्ये त्यांनी तिथे शर्यत जिंकलीसुद्धा. विचार करा, राज्याचा प्रमुख वळणावर आतल्या बाजूला घुसू पाहतो आहे आणि एखादा मेकॅनिक त्याला जागा देत नाही. देणारही नाही. पुढे २०२० मध्ये साथीच्या काळात गर्दीवर मर्यादा घालणारे आदेश याच गव्हर्नरांच्या सहीने निघाले, आणि त्यात त्यांचा आवडता ट्रॅकही आला.

आता थोडं अवघड विषयावर. असे ट्रॅक टिकतात कसे? पुष्कळदा टिकत नाहीत. स्क्वायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली व्हरमाँटमध्येच मिल्टन इथे कॅटामाउंट स्टेडियम नावाचा आणखी एक ट्रॅक काढला होता. तोही गाजला. १९८७ मध्ये तो बंद झाला आणि त्या जागी औद्योगिक वसाहत आली. गावाबाहेरची सपाट, मोठी जमीन म्हटल्यावर तिच्यावर दहा जणांचा डोळा असतो. वर्षातले पाच महिने शर्यती, बाकीचे महिने बर्फ. एका पावसाने रात्रीचा गल्ला बुडतो.

दुसरं संकट आतून येतं, खर्चाचं. एकाने महागडं इंजिन आणलं की दुसऱ्याला आणावं लागतं. पैसेवाला जिंकत राहतो, बाकीचे कंटाळून घरी बसतात. मग एके गुरुवारी मैदानात आठच गाड्या उरतात आणि प्रेक्षकही उठून जातात. अमेरिकेतले कितीतरी ट्रॅक या वाटेने संपले. थंडर रोडवर या रोगावर औषध शोधलं ते स्क्वायरचा भागीदार टॉम कर्ली याने. त्याने १९८६ मध्ये अमेरिकन-कॅनेडियन टूर ही शर्यतींची मालिका उभी केली. तिच्या वरच्या वर्गात पुढे कारखान्यातून मोहोरबंद होऊन आलेलं इंजिन ठरवून दिलं. मोहोर तोडली तर बाद. टायरही ठरलेले. यामुळे गाड्या सारख्या झाल्या, आणि क्वेबेक, मेन, न्यू हॅम्पशरचे ड्रायव्हर तीच गाडी घेऊन इकडे येऊ लागले. कर्ली कडक स्वभावाचा म्हणून प्रसिद्ध होता. हा कडकपणा नसता, तर मिल्क बोलला पंचवीस-तीस गाड्या मिळाल्या असत्या की नाही याची मला शंका आहे. वरच्या वर्गाखाली फ्लाइंग टायगर्स, स्ट्रीट स्टॉक्स आणि रोड वॉरियर्स असे वर्ग आहेत. रोड वॉरियर्समध्ये चार सिलिंडरची जुनी, साधी गाडी घेऊन नवखी मुलं-मुली येतात. केव्हिन लेपेजसारखा व्हरमाँटचा ड्रायव्हर याच ट्रॅकवरून पुढे नॅसकारच्या मुख्य मालिकेत गेला. बहुतेक जण कुठेच जात नाहीत. ते पुढच्या गुरुवारी परत येतात.

२०१७ च्या जूनमध्ये कर्ली वारला. त्याच वर्षी ट्रॅक विकला गेला. घेतला तो तिथल्याच एका माजी ड्रायव्हरने, भागीदाराला सोबत घेऊन. पुढच्या काळात या गावावर निसर्गानेही घाला घातला. जुलै २०२३ मध्ये बॅरीच्या बाजारपेठेत पूर आला, आणि बरोबर वर्षाने, जुलै २०२४ मध्ये, पुन्हा आला. टेकडीवरचा ट्रॅक पाण्याच्या वर, पण त्यावर येणाऱ्या माणसांची घरं आणि दुकानं खाली.

आणि दुधाचं काय? गेल्या शतकाच्या मध्याला व्हरमाँटमध्ये अकरा हजारांच्या आसपास दूधउत्पादक शेतकरी होते. आता काही शे उरले आहेत. गोठे मोठे झाले, मालक कमी झाले, लहान शेतकऱ्याला दुधाचा भाव परवडेना. हे सांगताना मला आपल्याकडच्या दूधसंघांच्या बैठका आठवतात. पण तिकडे मिल्क बोलच्या दिवशी गाय अजून येते. कुणाच्या तरी गोठ्यातून, दोरी धरून, इंजिनांच्या धुरातून.

आपल्या लोकांचा या जगाशी थोडासा संबंध आला आहे. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन, फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय, २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला. पहिली शर्यत व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलला, अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर. त्या वर्षी त्या मालिकेतला सर्वात लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून चाहत्यांनी त्याची निवड केली. नॅसकारवाल्यांना भारताची लोकसंख्या तेव्हा नीट कळली असावी.

अलीकडच्या वर्षांत या शर्यती पैसे भरून इंटरनेटवर पाहता येतात. व्हरमाँटचं घड्याळ त्या दिवसांत आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तिथली रविवारची दुपार ही आपली रविवारची रात्र. जागरणाची तयारी असेल तर बघा. जवळ कागद आणि पेन्सिल ठेवा आणि पहिला भाग संपताच प्रत्येकाचा क्रमांक टिपून घ्या. तिसऱ्या भागाच्या शेवटच्या दहा फेऱ्यांत पुढे कोण पळतो आहे ते पाहू नका. सातव्या-आठव्या जागेसाठी कोण झगडतो आहे, ते पाहा. गाय बहुधा त्यांच्यापैकीच एकाची वाट पाहत असते.